बॅकवर्ड : एका विशेषणाची उलटतपासणी

आपल्या सभेत, आपल्या कवितेत, आपल्या अर्जात आणि आपल्याला दिलेल्या शिवीत एकच शब्द फिरतो आहे, आणि त्याची झडती अजून कोणी घेतलेली नाही. शब्द इंग्रजी आहे. बॅकवर्ड. मराठीत तो मागास, मागासलेला, मागासवर्गीय असे कपडे घालून येतो. कचेरीत त्याचा नुसता 'बी.सी.' उरतो. 'हरिजन' आपण केव्हाच उकिरड्यावर फेकला. 'दलित' म्हणायचं की 'बौद्ध' म्हणायचं यावर आपण पन्नास वर्षं भांडतो आहोत, आणि भांडण चांगलं आहे, जिवंतपणाचं आहे. पण 'मागासलेला' मात्र आपल्या घरात बिनभाड्यानं राहतो. त्याला कोणी विचारत नाही, बाबा रे तू कुठून आलास, तुला इथं कोणी आणून ठेवलं?

समीक्षा फक्त पुस्तकाची करायची असा कायदा नाही. या वेळी मी एका विशेषणाची करतो आहे.

आधी त्याचं गाव पाहू. इंग्रजीत 'बॅक' म्हणजे पाठ. माणसाची पाठ, जिच्यावर आपल्या बापजाद्यांनी पोती वाहिली, तीच. जुन्या इंग्रजीत 'पाठीकडे' या अर्थाचे दोन शब्द होते, त्यांचा जोडून 'अबॅक' झाला, त्याला 'वर्ड' हा प्रत्यय लागला, मग पुढचा 'अ' झिजला आणि १३०० च्या सुमारास 'बॅकवर्ड' तयार झाला. हा 'वर्ड' म्हणजे 'त्या बाजूला वळलेला'. (म्युनिसिपालटीचा वॉर्ड वेगळा. त्याचं मूळ राखण करण्यात आहे.) आणि आता गंमत बघा. या प्रत्ययाचं मूळ आणि संस्कृतातल्या 'वृत्' धातूचं मूळ एकच. लॅटिनमधला 'वळवणे' या अर्थाचा धातूही त्याच घरातला. म्हणजे वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन हे सगळे त्याचे भाऊबंद. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे झालं त्या धम्मचक्रप्रवर्तनातलं 'वर्तन', पालीतलं 'पवत्तन', हेही त्याच कुळीचं. ज्या शब्दानं आम्हाला मागे उभं केलं आणि ज्या शब्दानं आम्ही चाक फिरवलं, त्यांचं आडनाव मुळात एक.

हे मी विद्वत्ता मिरवायला सांगत नाही. सांगायचं एवढंच की या शब्दात मुळात पायरी नव्हती. दिशा होती. पाठीकडे वळलेला, पाठीच्या बाजूनं चाललेला. सुरुवातीला तर हे क्रियाविशेषण होतं, माणूस कसा चालतो ते सांगणारं. माणूस कोण आहे ते नव्हे. शेक्सपिअरनं 'द टेम्पेस्ट'मध्ये हाच शब्द नाम म्हणून वापरला आहे, मागे पडलेल्या काळासाठी. पुढं तो लाजऱ्या, संकोची माणसाला लागला. आणि शेतकऱ्यानंही तो घेतला. वसंत उशिरा आला की इंग्रज शेतकरी म्हणायचा, औंदाचा वसंत बॅकवर्ड आहे. पीक उशिरा आलं की पीक बॅकवर्ड.

आपल्याकडेही नेमकं हेच आहे. खेड्यात अजून म्हणतात, पेर आगाप झाली, पेर मागास झाली. मागास पेर म्हणजे उशिराची पेर. ती का उशिरा झाली ते सगळ्या गावाला ठाऊक असतं. पाऊस नव्हता. बैल नव्हते. सावकारानं बियाला पैसा सोडला नाही. दुसऱ्याच्या रानातलं काम उरकल्याशिवाय स्वतःच्या तुकड्यात पाऊल टाकायची मुभा नव्हती. कारण विचारलं जातं, सांगितलं जातं. बियाणंच मंदबुद्धीचं आहे असं कोणी म्हणत नाही. शेतातला 'मागास' हा शब्द माणसासारखा शब्द आहे.

मग तो बिघडला कुठं?

प्रगतीत मागे राहिलेला, हा अर्थ इंग्रजीत सतराव्या शतकाच्या अखेरीला दिसू लागतो. एकोणिसाव्या शतकात त्याला साम्राज्याचं खत मिळालं. तोवर इंग्रजांच्या विचारवंतांनी इतिहासाचा एक रस्ता कल्पिला होता. रस्ता एकच, सगळ्यांना त्याच रस्त्यानं जायचं, आणि पुढं कोण उभं आहे? अर्थात इंग्रज. जॉन स्टुअर्ट मिल हा मोठा माणूस, स्वातंत्र्याचा कैवारी, बायकांच्या हक्कांसाठी लढलेला. पण तो १८२३ ते १८५८ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता हे विसरू नका. १८५९ च्या 'ऑन लिबर्टी' या पुस्तकात त्यानं सुरुवातीलाच सांगून टाकलं की स्वातंत्र्याचा हा सिद्धांत लहान मुलांना लागू नाही, आणि समाजाच्या बॅकवर्ड अवस्थांनाही लागू नाही, कारण तिथं अख्खी जमात अजून अज्ञान वयात आहे असं समजायचं. झालं! दिशेचा शब्द वयाचा शब्द झाला. जो बॅकवर्ड तो पोर. आणि पोराचा कारभार पालकानं बघायचा.

त्यानंतर तो शाळेत शिरला. १९३७ साली सिरिल बर्ट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाचा 'द बॅकवर्ड चाइल्ड' हा ग्रंथ आला. हा बर्ट १९१३ पासून लंडनच्या कौंटी कौन्सिलचा मानसशास्त्रज्ञ होता. त्याची व्याख्या साधी होती. जे पोर आपल्या वयाच्या वर्गाच्या खालच्या वर्गाचंही काम करू शकत नाही ते बॅकवर्ड. पोर मोजायचं ते वर्गाच्या फुटपट्टीनं. हाच बर्ट बुद्धी मुख्यतः आईबापाकडून रक्तात येते असं आयुष्यभर सांगत राहिला. त्यासाठी त्यानं जुळ्या भावंडांचे जे आकडे दिले होते त्यावर १९७४ मध्ये आणि १९७६ मध्ये उघड संशय घेतला गेला, कारण वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या संख्येच्या जुळ्यांचे निष्कर्ष दशांशापर्यंत तंतोतंत सारखे निघत होते. बर्ट १९७१ मध्येच मेला होता. आकडे गेले, पण शब्दाला लागलेला वास गेला नाही. बॅकवर्ड म्हणजे डोक्यानं कमी. हा वास पुढं आपल्या अंगावर आला.

आता आपल्या दारात येऊ.

२६ जुलै १९०२. राजर्षी शाहू महाराज विलायतेत असताना कोल्हापूरच्या गॅझेटात हुकूम निघाला की रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतल्या लोकांना द्याव्यात. मागासलेले म्हणजे कोण? हुकुमानं ते उलटं सांगितलं. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि दुसरे पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. या व्याख्येकडे मी वारंवार वळतो, कारण तिच्यात मागासलेल्यांच्या बुद्धीबद्दल, आचाराबद्दल, घाणेरडेपणाबद्दल एक अक्षर नाही. तिनं आधी खुर्चीवर कोण बसलंय त्यांची नावं घेतली. मागास हा शब्द तिथं खुर्च्यांच्या हिशोबाचा शब्द आहे. महाराजांच्या हातात तो शेतातल्या 'मागास' इतका स्वच्छ राहिला.

पण आपल्या लोकांसाठी तेव्हा इंग्रजीत दुसरा शब्द चालू होता, 'डिप्रेस्ड'. डिप्रेस्ड क्लासेस. लॅटिनमधल्या 'खाली दाबणे' या धातूचं हे भूतकाळवाचक विशेषण आहे. दाबलेला. म्हणजे दाबणारा कोणीतरी आहेच, व्याकरणातच आहे. या एका इंग्रजी शब्दाची मराठीत दोन भाषांतरं झाली, आणि त्या दोन भाषांतरांत मला दोन चळवळी दिसतात. १९०६ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं, त्याचं मराठी नाव 'भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी'. डिप्रेस्ड म्हणजे निराश्रित. ज्याला आसरा नाही तो. १९२४ मध्ये बाबासाहेबांनी संस्था काढली, तिचं इंग्रजी नाव डिप्रेस्ड क्लासेस इन्स्टिट्यूट, आणि मराठी नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा'. डिप्रेस्ड म्हणजे बहिष्कृत. ज्याला बाहेर घातलं तो.

फरक लक्षात आला? शिंदे प्रामाणिक होते, महारवाड्यात जाऊन राहिले, त्यांची खिल्ली उडवणाऱ्यांत मी नाही. पण निराश्रिताला आश्रय देणारा लागतो. तो कोणाकडे तरी बघत उभा राहतो. बहिष्कृत म्हटलं की लगेच सवाल उठतो, कोणी केला बहिष्कार? सवाल शब्दातूनच उठतो, त्याला वेगळं भाषण लागत नाही. १९२७ मध्ये पाक्षिकाचं नाव 'बहिष्कृत भारत' ठेवलं तेव्हा बाबासाहेबांनी पहिलं वाक्य लिहिण्याआधीच अर्धा लढा मथळ्यात उभा केला होता.

नावाच्या बाबतीत हा माणूस किती चोखंदळ होता ते बघा. १९३१ च्या नोव्हेंबरात, दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी दिलेल्या पुरवणी निवेदनात मागणी आहे की डिप्रेस्ड क्लासेस हे नाव बदला. १९३२ च्या मताधिकार समितीपुढच्या टिपणात ते पुन्हा सांगतात की दुसरं चांगलं नाव मिळेपर्यंत 'बाहेरच्या जाती' किंवा 'वगळलेल्या जाती' म्हणा. 'डिप्रेस्ड'मध्ये दाबणारा दिसत असला तरी त्यातून हे लोक खचलेले, हतबल आहेत असं चित्र उभं राहतं, ते त्यांना नको होतं. शेवटी १९३५ च्या कायद्यानं 'शेड्यूल्ड' आणला. शेड्यूल म्हणजे मुळात कागदाचा तुकडा, यादी. यादीत नाव असलेला. कोरडा शब्द, पण निदान कोणाच्या अंगाला वास लावत नाही.

दरम्यान 'बॅकवर्ड' सरकारी दप्तरात पाय पसरत होता. मुंबई सरकारनं १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सभासद होते. १९३० च्या तिच्या अहवालानं 'बॅकवर्ड क्लासेस' ही मोठी छत्री केली, आणि तिच्याखाली डिप्रेस्ड क्लासेस, आदिवासी व डोंगरी जमाती आणि इतर मागास वर्ग असे तीन भाग पाडले. आज आपण ज्याला ओबीसी म्हणतो तो शब्दही या छत्रीखाली दिसतो.

आणि मग ३० नोव्हेंबर १९४८. घटना समितीत आजच्या सोळाव्या कलमाचा मसुदा, तेव्हाचं दहावं कलम. मसुदा समितीनं 'वर्ग' या शब्दामागे 'मागास' हा शब्द घातला होता. सभासदांनी घेरलं. मागास म्हणजे कोण ते सांगा. शब्द मोघम आहे. शब्द काढा. बाबासाहेबांचं उत्तर मन लावून वाचावं असं आहे. सगळ्यांना समान संधी हे तत्त्व, आणि आजवर कारभाराच्या बाहेर ठेवलेल्या समाजांना आत घेण्याची मागणी, या दोन्हींना एकत्र नांदवायचं तर कुठलातरी पात्रतेचा शब्द हवा, नाहीतर अपवादच नियमाला खाऊन टाकेल, असा त्यांचा मुद्दा होता. आणि मागास कोण? तर जो समाज सरकारच्या मते मागास आहे तो मागास. लोकांना ही पळवाट वाटली. मला ती वाटत नाही. मला वाटतं त्यांनी त्या शब्दाची नांगी मोडली. मागासपणा हा कोणाच्या रक्तातला, डोक्यातला गुण आहे असं मानलं असतं तर त्यांनी व्याख्या केली असती. त्यांनी ती केली नाही, शब्दाला कुलपाच्या किल्लीइतकंच ठेवलं. किल्ली सुंदर आहे का, हे कोणी विचारत नाही. कुलूप उघडतं का एवढंच. १९५१ मध्ये पहिल्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत तर ते स्पष्टच बोलले की मागास वर्ग म्हणजे दुसरंतिसरं काही नसून काही जातींचा समूह आहे.

त्या दुरुस्तीनं आलेल्या १५(४) मध्ये 'सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या' हे शब्द मागासच्या आधी आहेत. कुठल्या बाजूनं मागे, ते सांगणारे. सोळाव्या कलमात तर कसोटी अशी आहे की सरकारी नोकऱ्यांत त्या वर्गाला पुरेसं प्रतिनिधित्व नाही. म्हणजे पुन्हा खुर्च्यांचा हिशोब, शाहू महाराजांचाच. पण बोलीत काय होतं? 'सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या' गळून पडतं. उरतो नुसता मागास. आणि तो नुसता उरला की बर्टचा वास परत येतो.

माझ्या शाळेत, नाव कशाला घ्यायचं, दर जूनमध्ये ऑफिसातला कारकून वर्गाच्या दारात उभा राहून म्हणायचा, ''बी.सी. उभे राहा.'' आम्ही सात-आठ जण उभे राहायचो. बाकीचा वर्ग बसून आमच्याकडे बघायचा. त्याच वर्गात ई.बी.सी. सवलतीची मुलंही होती. बामणाची, मराठ्याची, वाण्याची, बापाचं उत्पन्न कमी असलेली. त्यांना तो म्हणायचा, ''ई.बी.सी.वाल्यांनी मधल्या सुट्टीत ऑफिसात येऊन फॉर्म न्यावा.'' दोन्हींत 'बॅकवर्ड' होता, बरं का! पण त्यांच्या 'बी.सी.'पुढं एक 'ई' होता. आर्थिक. तो एक 'ई' त्यांना छत्रीसारखा झाला. त्यांचं मागासपण खिशातलं. आमचं अंगातलं.

इथं मी व्याकरणावर येतो, कारण माझा खरा आक्षेप तिथंच आहे. 'मागासणे' हे अकर्मक क्रियापद आहे. तो मागासला. जसा तो झोपला, तो थकला, तो घसरला. करणारा तोच, भोगणाराही तोच. तिसरा माणूस वाक्यात येतच नाही. 'दलित', 'बहिष्कृत', 'वगळलेला', अगदी 'डिप्रेस्ड' सुद्धा, हे सगळे शब्द कर्मणी आहेत. त्यांच्या मागे कर्ता उभा आहे, लपून का होईना. 'मागासलेला' म्हटलं की कर्ता वाक्यातून पळून जातो. हजारो वर्षांचा गुन्हा, आणि गुन्हेगाराचं नाव व्याकरणानंच पुसून टाकलेलं! पोलिसाच्या पंचनाम्यातही इतकी सफाई नसते.

या शब्दाच्या जोडीदाराची, 'फॉरवर्ड'चीही जाता जाता गाठ घेऊ. इंग्रजीत सोळाव्या शतकापासून फॉरवर्ड म्हणजे आगाऊ असाही अर्थ आहे. आपल्याकडे पोरगी मोकळेपणी बोलली की 'फार फॉरवर्ड आहे' म्हणतात, ते शिफारस म्हणून नव्हे. म्हणजे आपल्या पोरांना दोन्हीकडून मार. गप्प बसलं तर बॅकवर्ड. तोंड उघडलं तर फॉरवर्ड, शेफारलेलं, डोक्यावर बसलेलं. नेमकं कुठं उभं राहायचं ते एकदा रेघ मारून दाखवा म्हणावं.

आता हाच शब्द दुसरीकडे कसा वागतो ते पाहा. मराठवाडा मागास आहे, विदर्भ मागास आहे, असं आपण सगळेच म्हणतो. दांडेकर समितीनं १९८४ च्या अहवालात या मागासपणाचा रुपयांत हिशोब मांडला आणि त्याला 'अनुशेष' हे भारदस्त नाव मिळालं. मराठवाड्यातला माणूस डोक्यानं कमी, असा अर्थ कोणी काढला नाही. उलट विचारलं गेलं, पैसा कुठं गेला? त्याच्याही आधी, १९६४ पासून, मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याच्या बाहेर कारखाना काढणाऱ्याला सरकार प्रोत्साहनाचं पॅकेज देत आलं आहे. मागास भागात कारखाना काढला म्हणून ज्या शेठजीनं सवलत घेतली, त्याला कोणी कधी 'सवलतीवाला' म्हणून हिणवल्याचं ऐकलंय? त्याच्या यंत्राच्या दर्जाबद्दल, त्याच्या मेरिटबद्दल कुजबुज झाली? जमीन मागास असली तर ती देणं. माणूस मागास असला तर ती भीक. शब्द एकच. चिकटतो तो फक्त जातीला.

आणि ज्यांना चिकटून घ्यायचा नाही ते शब्दच बदलून घेतात. २५ सप्टेंबर १९९१ ला केंद्र सरकारनं इतर आरक्षणात न बसणाऱ्यांसाठी दहा टक्के जागांचा आदेश काढला, तेव्हा त्यात शब्द होता 'आर्थिकदृष्ट्या मागास'. मंडल खटल्याच्या १६ नोव्हेंबर १९९२ च्या निकालात तो आदेश रद्द झाला. २०१९ च्या जानेवारीत १०३ वी घटनादुरुस्ती आली, पुन्हा दहा टक्के, आणि या वेळी शब्द होता 'दुर्बल'. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक. ७ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन मतांनी ती दुरुस्ती वैध ठरवली. कायदेपंडित म्हणतील, शेहेचाळिसाव्या कलमात दुर्बल घटक आधीपासून आहेत. आहेत ना. पण त्या कलमात 'दुर्बल'च्या यादीत पहिली नावं अनुसूचित जाती-जमातींची आहेत, आणि नव्या दुरुस्तीतून नेमके तेच वगळलेले. दुर्बल माणसाला आजार झालेला असतो, तो बरा होतो. मागास माणूस मागासच. आणि मूल्यमापन बघा, वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेला दुर्बल!

दुसरीकडे मराठा समाजाची मागणी. २०१८ चा कायदा झाला, ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला, २०२४ च्या फेब्रुवारीत दहा टक्क्यांचा नवा कायदा आला. त्या मागणीच्या योग्य-अयोग्यतेत मी इथं शिरत नाही, कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराचं दुःख खोटं नाही. मी शब्दापुरतं बोलतो. ज्या गावांत 'मागासवर्गीय' ही परवापर्यंत शिवी होती, त्याच गावांत आता 'आम्हाला मागास ठरवा' म्हणून मोर्चे निघाले. शब्दाची शिवी झाली ती आमच्यामुळे, आणि किल्ली झाली ती कायद्यामुळे. लोकांना किल्ली हवी आहे, शिवी आमच्याकडेच ठेवून.

मग आपण काय करतो? इथं माझं भांडण आपल्याच लोकांशी आहे.

आपल्या कवितासंग्रहांच्या प्रस्तावना वाचा. पांढरपेशे समीक्षक लिहितात, 'मागासलेल्या समाजातून आलेल्या या कवीनं...' आणि आपला कवी ते वाक्य पाठीवर छापून घेतो. कौतुकाच्या गुळात ठेवलेली गोळी आहे ती. त्या वाक्याचा अर्थ होतो, इतक्या मागून आला असूनही बरं लिहितो. आपले शिकलेले, फ्लॅटात राहायला गेलेले लोक वस्तीतल्या नातेवाइकांबद्दल बोलताना म्हणतात, ''आपली माणसं अजून फार बॅकवर्ड आहेत हो.'' जयंतीच्या स्टेजवरून कार्यकर्ता ओरडतो, ''आपला मागासलेला समाज पुढे आला पाहिजे!'' पुढे म्हणजे कुठं, हे विचारलं तर त्याला सांगता येत नाही. मिलच्या त्या एकाच रस्त्यावर? ज्याच्या टोकाला शेठ, साहेब आणि भटजी उभे आहेत तिथं?

आपल्या थोर पुस्तकांची नावं बघा. बाबुराव बागूलांचं १९६३ चं 'जेव्हा मी जात चोरली होती'. व्याकरणच बघा, 'मी' आहे, क्रिया आहे, चोरी आहे, आणि चोरी करायला लावणारी व्यवस्था त्या चोरीच्या आड उभी आहे. १९७८ चं 'बलुतं', १९८० चं 'उपरा', १९८४ चं 'अक्करमाशी', १९८७ चं 'उचल्या'. यातले काही शब्द सरळ शिव्या आहेत. लेखकांनी त्या उचलून देणाऱ्याच्या तोंडावर परत मारल्या. शिवीला धार असते, ती उलटी फिरवता येते. या मोठ्या नावांत 'मागासलेला' कुठंच नाही, आणि ते उगाच नाही. त्या शब्दाला धारच नाही. तो गोणपाटासारखा आहे, वार केला तर आत रुततो. ज्या शब्दाची शिवी म्हणून पाठवणी करता येत नाही आणि अभिमान म्हणूनही वापरता येत नाही, तो लेखकाच्या काय कामाचा?

मित्र म्हणतात, मग टाकून द्या. जातीचा दाखला फाडा, अर्जावर लिहू नका. या मताला माझा सक्त विरोध आहे. हा शब्द संविधानात बाबासाहेबांनी उगाच ठेवलेला नाही. महाराष्ट्राच्या २००१ च्या आरक्षण कायद्यातले बावन्न टक्के याच छत्रीखाली आहेत, त्यात भटके-विमुक्त आहेत, आदिवासी आहेत, आपली माणसं आहेत. शब्दाची लाज वाटते म्हणून जो खुल्या जागेचा फॉर्म भरतो आणि जात लपवतो तो स्वाभिमानी नाही, तो दुसऱ्याच्या फुटपट्टीला घाबरलेला आहे. अर्जात लिहा. ठसठशीत लिहा. किल्ली कुलपात घालायची असते, गळ्यात घालून मिरवायची नसते, एवढंच माझं म्हणणं.

कवितेत, भाषणात, प्रस्तावनेत मात्र कर्ता परत आणा. 'मागे ठेवलेला' म्हणा. 'मागे लोटलेला' म्हणा. दोन शब्द जास्त पडतील, पडू द्या. कोणी म्हणेल हे रडगाणं आहे, आपणच स्वतःला दुसऱ्याच्या हातातलं बाहुलं करतो. या आक्षेपात तथ्य आहे, 'दलित' शब्दावर बौद्ध तरुण हाच आक्षेप घेतात आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. पण गुन्हा सांगताना गुन्हेगाराचं नाव घेणं म्हणजे रडणं नव्हे. पुढच्या वाक्यात 'मी' येतोच आहे, चोरणारा, नाकारणारा, चाक फिरवणारा. त्या 'मी'ला आधीच्या वाक्यात मागासलेला करून ठेवू नका एवढंच.

याच कुळातला आणखी एक शब्द आहे, त्याच्याकडे मात्र आपण पुरेसं लक्ष देत नाही. बॅकलॉग. इंग्रजी घरात चुलीच्या आतल्या भिंतीला टेकवून एक मोठा ओंडका ठेवत, पुढची लाकडं जळून जात आणि तो रात्रभर धुमसत राही. तो बॅकलॉग. पुढं त्याचा अर्थ झाला साठलेलं, न भागवलेलं काम. राखीव जागा भरल्या नाहीत की त्यांचा बॅकलॉग होतो, आणि इथं पहिल्यांदा 'बॅक' समाजाला लागत नाही, सरकारला लागतो. मागे राहिलेलं आहे ते सरकारचं काम. प्रत्येक कार्यालयात बिंदुनामावलीची नोंदवही असते. कुठला बिंदू कोणासाठी, कधी भरला, कधीपासून रिकामा, ते त्यात लिहिलेलं असतं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली तिची नक्कल मागता येते. आपल्या तालुक्यातली पंचायत समिती, नगरपालिका, अनुदानित कॉलेज, यांतली एक-एक जागा एकेकानं वाटून घ्या, अर्ज टाका आणि आलेले आकडे या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या अंकात कवितांच्या शेजारी ते छापू.